बाहेरकाठा कोणी बांधायचा? रायगडच्या किनाऱ्यावरील पर्यावरण-शिक्षणाची गोष्ट



पर्यावरण हा विषय आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमात आला कसा, याची गोष्ट आज सांगायची आहे. ती दिल्लीहून सांगण्याची रीत आहे. आम्ही ती रायगडच्या किनाऱ्यावरून सांगणार आहोत, कारण नोकरीची बरीच वर्षं आम्ही तिथे काढली, आणि तत्त्वज्ञानाचे डॉक्टर असूनही हा विषय तिथे शिकवला. शिकवला म्हणजे, खरं सांगायचं तर, पहिली दोन वर्षं नुसता उरकला.

सुरुवात मात्र दिल्लीतूनच करावी लागते. एम. सी. मेहता हे नाव आपल्याला ठाऊक असेल. गंगेचं प्रदूषण, दिल्लीच्या कारखान्यातली वायुगळती, असे खटले लढवणारे वकील. त्यांच्याच एका याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटगृहांनी पर्यावरणाच्या पाट्या पडद्यावर फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम करावेत, आणि शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करावा, असा त्याचा आशय. थिएटरातल्या पाट्या काही वर्षं दिसल्या. अभ्यासक्रम मात्र कागदावर राहिला. बारा वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की २००४-०५ पासून हे झालंच पाहिजे. मग धावपळ सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दिला: आठ घटक, पन्नास तासिका, शंभर गुण. पुण्याच्या भारती विद्यापीठातले डॉ. इराच भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं, ते चांगलं आहे, आजही चाळावं असं. यातला आठवा घटक म्हणजे क्षेत्रभेट. जवळची नदी, डोंगर, कुरण पाहा, जवळची प्रदूषित जागा पाहा, आणि त्यावर लिहा. त्याला पाच तासिका आणि पंचवीस गुण. हा आठवा घटक लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येऊ.

विषय सक्तीचा झाला, शिक्षक कुठून आणायचा? नवीन पदं कुठे मंजूर झाली नव्हती. मुंबई विद्यापीठात वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला पर्यावरणाचा पेपर होता, बाकी शाखांत बराचसा भाग फाउंडेशन कोर्समध्ये बसवलेला. तेव्हा ज्याचा कार्यभार कमी भरतो त्याच्या गळ्यात ही तासिका पडायची. आणि कार्यभार कोणाचा कमी? तत्त्वज्ञानाचा. आमच्या विषयाला त्या काळात वर्गात अकरा-बारा मुलं उरली होती. वेळापत्रक लावणाऱ्या सहकाऱ्याने हसत विचारलं, "सर, ओझोन तुम्ही घ्याल ना?" आम्ही घेतला.

आता ही महाविद्यालयं कसली होती ते सांगायला हवं. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची संस्था आहे. इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ मध्ये तिची सुरुवात झाली असं मानतात. घराजवळ, थोड्या खर्चात, कामधंदा सांभाळून शिकायची सोय. आपल्याकडे पाँडिचेरीला १९९५ मध्ये असं कॉलेज निघालं, आणि अनुदान आयोगाची योजना यायला २०१२-१३ उजाडलं. पण नाव बाजूला ठेवलं तर रायगडच्या किनाऱ्यावर ही गोष्ट कितीतरी आधीपासून होती. अलिबागला जनता शिक्षण मंडळाचं कॉलेज, उरणजवळ फुंड्याला रयतचं वीर वाजेकर महाविद्यालय, पनवेलचं महात्मा फुले. आगरी, कोळी, कुणबी, मिठागरांवर राबणाऱ्यांची मुलं एस.टी.चा पास काढून यायची. घरातला पहिला पदवीधर. लावणीला गैरहजर, कापणीला गैरहजर, होळीला तर विचारूच नका. शिस्तीच्या नावाखाली आम्ही प्राध्यापक मंडळी त्यांच्या हजेरीवर रागवायचो. ती मुलं त्या दिवसांत कुठे असतात हे विचारायचं मात्र राहून जायचं.

२००५ चा पावसाळा आठवतो ना? २६ जुलै. मुंबईची आठवण सगळ्यांना असते, रायगड त्यात मागे पडतो. त्यानंतरच्या उधाणाला आमच्या वर्गातला एक विद्यार्थी पंधरा दिवस आलाच नाही. आला तो थेट प्रकल्पाची वही घेऊन. विषय 'ओझोनचा थर'. बाजारातल्या गाइडमधून उतरवलेला, आकृतीसकट. आम्ही पंचवीसपैकी वीस गुण दिले आणि सहज विचारलं, इतके दिवस कुठे होतास? म्हणाला, बाहेरकाठ्याला खांड गेली, भातात खारं पाणी शिरलं, सगळं गाव बांधावर होतं. आम्ही म्हणालो, अरे मग हेच का नाही लिहिलंस? त्याने आमच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "सर, ते पर्यावरण नाही. ते आमचं घरचं काम आहे."

मित्रहो, तीस वर्षं आम्ही वर्गात ज्ञान म्हणजे काय यावर बोलत होतो. प्लेटोपासून शंकराचार्यांपर्यंत. त्या वाक्यापुढे गप्प बसलो.

खांड म्हणजे काय, बाहेरकाठा म्हणजे काय, हे घाटावरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. पेण, अलिबाग, उरण, रोहा, मुरुड या पट्ट्यात धरमतर, रेवदंडा, राजपुरी अशा खाड्या आत घुसल्या आहेत. या किनाऱ्यावर उधाणाची भरती चार-साडेचार मीटरपर्यंत चढते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. खाडीलगतची सखल जमीन भरतीत बुडणार, ओहोटीत उघडी पडणार. तिला बांध घालून समुद्रापासून तोडली की ती खारजमीन, खारेपाट. समुद्राच्या तोंडाला असतो तो बाहेरकाठा, आतला तो आतकाठा. मधे पाण्याला वाट द्यायला उघाडी असते. तिचं दार मोठं शहाणं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती आली की समुद्र स्वतःच ते दार दाबून बंद करतो. नव्या बांधाच्या आत पहिली काही वर्षं पावसाने मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग खार सोसणारं भात लावायचं. काळा राता, भुरा राता ही त्याची जुनी वाणं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल १, २, ३ अशी वाणं काढली. पीक एकच, पावसाळ्यातलं. शेताच्या कडेच्या तळ्यात जिताडा. पाहुण्याला जिताडा वाढला म्हणजे पाहुणा मोठा, हे अलिबागकरांना सांगायला नको.

आणि हा सगळा संसार मातीच्या एका बांधावर उभा. खेकड्याने पोखरलेलं एक बीळ पुरतं. पहिल्या दिवशी दोन माणसं आडवी झोपतील एवढी वाट पडते, तेव्हाच ती बुजवली तर बुजते. नाही बुजवली तर पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं, आणि प्रत्येक वेळी काठ खरवडून नेतं.

म्हणून बांध कोणी बांधायचा हा या किनाऱ्याच्या इतिहासातला पहिला प्रश्न आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये (रायगड हे नाव १९८१ चं, त्याआधी जिल्हा कुलाबा) 'शिलोत्री' जमिनींची माहिती आहे. ज्याने बांध घातला आणि राखला त्याला शेतकऱ्याकडून बांधाच्या खर्चापोटी भाताचा ठरलेला वाटा मिळायचा. म्हणजे बांध हा नुसता मातीचा ढीग नव्हता, तो एक करार होता. पुढे खोत, सावकार, जमीनदार यांच्या हातात हा करार गेला आणि त्याचा अर्थ पालटला. वाटा वाढत गेला, पावती मिळेना, वेठ मात्र सुरू राहिली. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि ते १९३९ पर्यंत पाळलं. सहा पावसाळे! मासे, लाकूडफाटा, मिळेल ती मजुरी यांवर माणसं जगली. जगाच्या शेतकरी चळवळींच्या इतिहासात एवढा लांबलेला संप सहज सापडणार नाही. डॉ. आंबेडकर चरीला आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी अलिबागला 'कृषीवल' निघालं.

इथे एक गोष्ट जाता जाता. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते जॉन ड्यूई. ते तिथे शिकत होते त्याच काळात, १९१६ मध्ये, ड्यूईंचं 'लोकशाही आणि शिक्षण' हे पुस्तक आलं. माणूस ज्या अडचणीत सापडतो तिथूनच त्याचा विचार सुरू होतो, आणि शिक्षणाने त्या अडचणीला वर्गाबाहेर ठेवू नये, हे त्यातलं सूत्र. आम्ही ड्यूई एम.ए.च्या वर्गाला शिकवत होतो. चरी आमच्या कॉलेजपासून एस.टी.च्या अंतरावर. या दोन गोष्टी आमच्या डोक्यात शेजारी यायला २००५ साल लागलं. असो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द झाली. जमीन कसणाऱ्याची झाली. हे न्यायाचंच झालं, त्यात आमच्या मनात तिळभर शंका नाही. पण बांध? जमीन तुकड्यातुकड्याने कुळांच्या नावावर चढली, बाहेरकाठा मात्र एकाच्या शेताचा नसतो, तो शंभर जणांचा असतो. जुना मालक गेला, त्याबरोबर बांध राखायची त्याची जबाबदारीही गेली. ती सरकारने घेतली. मुंबई खारजमीन कायदा १९४८ चा, नंतर महाराष्ट्राचा १९७९ चा. ज्या बांधांची योजना सरकारी ठरली त्यांची दुरुस्ती खारभूमी खात्याकडे, बाकीचे 'खाजगी', म्हणजे ज्याचे त्याने पाहावेत. सरकारी दुरुस्तीला अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते, निविदा लागते. उधाण दर पंधरा दिवसांनी येतं, त्याला निविदेची वाट पाहता येत नाही. पूर्वी घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा. आता निम्मी माणसं कंपनीत किंवा मुंबईला, आणि 'खात्याचं काम आहे' असं म्हणायची सोय झाली.

आमच्या विषयातल्या लोकांना गॅरेट हार्डिनचा १९६८ चा निबंध माहीत असतो. सामाईक कुरण प्रत्येक गुराखी ओरबाडतो, म्हणून सामाईक ते नष्टच होणार, हा त्याचा युक्तिवाद. आम्ही तो वर्षानुवर्षं वर्गात सिद्धान्त म्हणून सांगितला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं की माणसं एकत्र बसून नियम करतात, ते पाळतात आणि मोडणाऱ्याला दंडही करतात. फक्त ते नियम त्यांचे स्वतःचे असावे लागतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोव्यातली खाजण शेती याचं उदाहरणच आहे, तिथे गावकरीची व्यवस्था बांध आणि मानस, म्हणजे तिथली उघाडी, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली. पण या मुद्द्यावर आम्हांला एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. जुन्या गावाचं फार गोड चित्र काढू नये. कुलाब्यातले बांध नुसत्या एकीवर उभे नव्हते, खोताच्या धाकावरही उभे होते. धाक गेला हे बरंच झालं. त्याच्या जागी काय आलं, हा प्रश्न उरतो.

आणि तो प्रश्न आणखी अवघड कसा झाला पाहा. खांड दोन-चार वर्षं उघडी राहिली की शेतात तिवराचं बी येऊन रुजतं. भाताच्या जागी कांदळवन. ते कांदळवन किनाऱ्याला हवं आहे, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात, वादळाचा जोर तिथेच मोडतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवणारा आदेश दिला, तो योग्यच होता. पण आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बापाने काय करायचं? बांध फुटला तो त्याच्या दोषाने नाही. सातबारावर शेत, डोळ्यांसमोर जंगल, आणि कोयता लावला तर गुन्हा. यात बरोबर कोण? आम्ही नीतिशास्त्र शिकवणारे, पण परीक्षेत असा प्रश्न कधी काढला नव्हता. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारा नियमनाची अधिसूचना आली, जिला लोक सीआरझेड म्हणतात, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पर्यावरण-शिक्षणाचा निकाल. एकाच वर्षी निघालेले दोन कागद. एक तहसील कचेरीत पोचला, दुसरा कॉलेजात. आमच्या वर्गात त्यांची गाठ पडली नाही.

तर पुढच्या वर्षी आम्ही आणि भूगोलाचे एक सहकारी यांनी आठवा घटक आधी घ्यायचं ठरवलं. मुलांना घेऊन बांधावर गेलो. पहिल्याच भेटीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हांला अडवलं. "मास्तर, पोरा पेपरात काय लिवतान त्ये आमाला कलत नाय. पन बांद कोनी बांदायचा, त्ये हाय का तुमचे पुस्तकात?" आम्ही नाही म्हणालो. म्हातारा म्हणाला, "मंग लिवा."

आम्ही मुलांना सांगितलं की गाइड बंद. प्रत्येकाने आपल्या घरी, नसेल तर शेजारी, विचारायचं: बांध शेवटचा कधी फुटला, किती दिवसांत बुजवला, कोण कोण आलं, खर्च कोणी केला, तेव्हा कोणतं भात होतं, आता त्या जमिनीत काय आहे. सातबाराचा उतारा वाचायचा. तिथी लिहायची. कोळ्यांच्या मुलांना भरती-ओहोटीचं गणित तोंडपाठ होतं, त्यांनी ते आम्हांला शिकवलं. एकदा अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतही गेलो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये इमारतीत लोखंड टाळून ती इथे उभारली. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. शंभर वर्षं रोज मोजमाप चाललेली एक जागा गावात आहे आणि वर्गातल्या बहुतेक मुलांनी फक्त तिचं कुंपण पाहिलेलं!

मग आलं महामुंबई सेझचं प्रकरण. पेणच्या पट्ट्यात जमिनीच्या नोटिसा आल्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. असं आपल्या देशात क्वचितच घडलं आहे. त्या दिवसांत आमच्या वह्या जाड होऊ लागल्या. आजोबा सातबारा नातीकडून वाचून घेत होते, आणि नात तो प्रकल्पाच्या वहीत उतरवत होती. कोणी म्हणेल, यात पर्यावरण कुठे आहे? आम्हांला तरी दुसरीकडे कुठे ते इतकं दिसलं नाही.

सेझ पुढे बारगळलं. आम्ही निवृत्त झालो. वह्या कॉलेजच्या एका खोलीत कपाटात ठेवल्या होत्या. काही वर्षांनी त्या खोलीचं नूतनीकरण निघालं आणि कपाट रिकामं करताना वह्या रद्दीत गेल्या. कोणाचा वाईट हेतू नव्हता. प्रकल्पाच्या वह्या म्हणजे ओझोनच्या आकृत्या, असंच सगळ्यांना वाटत असणार. आम्हीच तशी सवय लावली होती. चार वह्या तेवढ्या आमच्या घरी राहिल्या, तपासायला आणलेल्या, परत न्यायच्या राहिलेल्या.

त्यातली एक आज मुद्दाम समोर ठेवली आहे. एका मुलीची आहे. हिने आपल्या शेताच्या खांडीची रुंदी पावलांनी मोजली, शिवाय पाऊल कोणाचं तेही लिहिलं, "माझं". ज्येष्ठ पौर्णिमा, सहा पावलं. नारळी पौर्णिमा, अकरा. त्याखाली ओळ आहे: 'बाबा आणि काका तीन दिवस पेंढा आणि माती टाकत होते, राहिलं नाही.' सर्वपित्री, सतरा. कोजागिरीला आकडा नाही, नुसतं लिहिलं आहे, 'पाणी होतं, मोजता आलं नाही.' पुढची पानं कोरी आहेत.

तिला आम्ही पंचवीसपैकी चोवीस दिले होते. तो एक गुण कशासाठी कापला, ते काही केल्या आठवत नाही.

चला, प्रश्न असतील तर घेऊ या.